मंडळ आभारी आहे

कॉलेजात प्रत्येक विषयाचं एक अभ्यास मंडळ असतं आणि प्रत्येक मंडळाचा स्वभाव ठरलेला असतो. भूगोल मंडळ सहलीला जातं. वाङ्मय मंडळ भित्तिपत्रक काढतं आणि त्यात निम्म्या कविता पावसावर, निम्म्या आईवर असतात. राज्यशास्त्र मंडळात उद्घाटनाआधीच दोन गट पडतात. गृहअर्थशास्त्र मंडळाच्या कार्यक्रमाला सगळे प्राध्यापक न बोलावता येतात, कारण तिथे खायला असतं. मानसशास्त्र मंडळ नेमकं काय करतं, हे मात्र चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कॉलेजांत कुणाला धड सांगता येत नाही. मंडळातल्या पोरापोरींनाही नाही.

अपेक्षा मात्र सगळ्यांत जास्त याच मंडळाकडून. इतिहास घेतलेल्या मुलाला एसटीत कुणी विचारत नाही की बाबा, माझ्या खापरपणजोबाचं नाव सांग. मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला ब्रह्मपुरीहून वडसा येईपर्यंत शेजारच्या काकू सोडत नाहीत. "मंग सांग बाई, माह्या मनात आता काय सुरू आहे?" आमच्या मंडळाची एक सचिव यावर ठरलेलं उत्तर द्यायची, "तुमच्या मनात सुरू आहे काकू, की या पोरीला काही येत नसंल." हे उत्तर कधीच चुकलं नाही. इतका पक्का निकाल फ्रॉइडच्याही नशिबी नव्हता.

मी या मंडळाचा प्रभारी. प्रभारी कसा नेमतात हे मास्तरकीतल्या माणसाला सांगायला नको. ज्या दिवशी मीटिंगला आपण नसतो, त्या दिवशी आपली एकमताने निवड होते.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्या वाट्याला आले. दोनच जिल्हे, असं कागदावर वाटतं. पण एकट्या गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्यात जवळजवळ चार गोवे मावतात, आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग जंगल. साऱ्या कॉलेजांच्या मानसशास्त्र मंडळांचं मिळून एक मोठं मंडळ करावं, अशी कल्पना आमच्यापैकी कुणाला ना कुणाला दर पावसाळ्यात सुचते. मग कुणीतरी विचारतं की सिरोंच्याचा प्रतिनिधी बैठकीला येणार कसा? तो पहाटेच्या गाडीने निघाला तर गडचिरोलीला पोचेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालेलं असणार. आणि भामरागडचा? पर्लकोटेला पूर असला की तो निघणारच नाही. कल्पना पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहते.

मंडळाला अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सदस्य असतात. कोषाध्यक्षाकडे कोष सोडून सगळं असतं. तरी या पदांना एक वेगळीच चमक होती, त्यामागे कायदा आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेने प्रतिनिधी जाऊ लागले. वर्गात पहिला येईल तो वर्गाचा नेता. त्यामुळे अनेक वर्षं आमचे नेते मान खाली घालून चालणारे आणि कुणी हाक मारली की दचकणारे होते. ज्यांना खरोखर पुढारीपण येत होतं, त्या काठावर पास होणाऱ्या पोट्ट्यांना एकच जागा उरली होती, ती म्हणजे अभ्यास मंडळ. म्हणून मंडळाला अभ्यासाशी संबंध नसलेले पण माणसांशी पक्का संबंध असलेले अध्यक्ष मिळत गेले. मानसशास्त्राच्या दृष्टीने हा योगायोग वाईट म्हणता येणार नाही.

उद्घाटन म्हणजे मंडळाचा वर्षातला पहिला आणि बहुधा शेवटचा कार्यक्रम. तो शक्यतो १० ऑक्टोबरला करायचा, कारण त्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. १९९२ पासून तो जगभर पाळतात. आमच्याकडे तो ऑक्टोबरच्या उकाड्यात येतो. दीपप्रज्वलनासाठी पंखा बंद करावा लागतो, पंखा बंद झाला की पाहुण्यांचं मानसिक आरोग्य बिघडू लागतं, आणि तेवढ्यात शाल पांघरली जाते. शाल, श्रीफळ आणि ग्रामगीता. पूर्व विदर्भात भाषणं देत फिरणाऱ्या कुठल्याही माणसाच्या घरी गेलात तर ग्रामगीतेच्या इतक्या प्रती सापडतील की त्यांनीच एक ग्रंथालय व्हावं. मग प्रास्ताविक, मग परिचय, मग मुख्य भाषण आणि शेवटी "मंडळ आपले आभारी आहे." आमच्या मंडळाने आजवर सगळ्यात जास्त जर काही केलं असेल तर ते आभार मानण्याचं काम.

एका वर्षी पाहुण्यांनी व्यसनमुक्तीवर फार सुरेख व्याख्यान दिलं. तंबाखू मेंदूत जाऊन काय करते, सवय कशी लागते, ती सुटताना जीव का कासावीस होतो, सगळं उदाहरणांसह. शेवटी म्हणाले, "आता प्रश्न विचारा." सभागृह शांत. पाहुणे भारावले, त्यांना वाटलं मुलं अंतर्मुख झाली. मला पोरांच्या गालांकडे पाहून कळलं की अर्ध्यांच्या तोंडात खर्रा होता आणि प्रश्न विचारायला तोंड उघडायची सोय नव्हती. बाहेर टपरीवर त्यांनी भराभर थुंकून जे प्रश्न एकमेकांना विचारले, ते मात्र ऐकण्यासारखे होते. "मंग घोटून देनाऱ्याले सवय काहून नाही लागत जी? तो तर दिवसभर हातात घेऊनच असते." पाव्हलॉव्हने या पोराला जवळ बसवून घेतलं असतं.

पाव्हलॉव्हवरून आठवलं. १९२९ साली अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राची नववी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पाव्हलॉव्ह त्या परिषदेला आले होते. त्याच मांडवात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक राष्ट्रीय संघटना जन्माला आली, ती आज 'साय काय' या नावाने ओळखली जाते. विद्यार्थी मंडळांच्या आद्य कुळांपैकी हे एक. त्यांनी आधी नाव घेतलं होतं 'सिग्मा पाय सिग्मा'. मग कळलं की हे नाव भौतिकशास्त्रवाल्यांनी आधीच उचललं आहे, म्हणून पुढच्या वर्षी मुकाट्याने बदललं. हे वाचून मला फार बरं वाटलं. मनाचा ठाव घेऊ पाहणाऱ्यांना शेजारच्या विभागाने आपल्या मंडळाचं नाव काय ठेवलंय, याचा पत्ता नव्हता. आमच्या कॉलेजात समाजशास्त्रवाल्यांनी आणि आम्ही एकाच वर्षी 'संवेदना' नावाचं भित्तिपत्रक काढलं होतं. येलची परंपरा आम्ही नकळत पाळली.

साय कायमध्ये शिरायला मार्क लागतात, वर्गात वरच्या फळीत असावं लागतं. युरोपातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थी मंडळांनी १९८७ मध्ये लिस्बनला आपला महासंघ केला. तिथली पोरं एकमेकांच्या देशात जातात, मिळून संशोधन करतात. आमच्या मंडळात शिरायला मार्क लागत नाहीत. आलूबोंडा येण्याच्या वेळी हजर असलं म्हणजे झालं.

तरी जागतिक मानसशास्त्राची एक खूण आमच्यापर्यंत पोचली आहे. 'साय' हे ग्रीक अक्षर या विषयाचं चिन्ह आहे आणि ते दिसतं हुबेहूब त्रिशुळासारखं. एका उद्घाटनाला मुलींनी दारात त्याची मोठी रांगोळी काढली. दुपारी पाहतो तर रांगोळीवर हळदकुंकू, कडेला दोन बेलाची पानं आणि एक रुपया. शिपायांनी चप्पल काढून आत यायला सांगितलं म्हणून प्रमुख पाहुणेही अनवाणी आले. जिथे मार्कंड्याच्या जत्रेला लोटालोट होते आणि महादेवाला जाणारे खांद्यावर त्रिशूळ घेऊन निघतात, तिथे दुसरं काय होणार? मुली मला विचारायला आल्या की लोकांना खरं काय ते सांगायचं का. मी म्हटलं, राहू द्या. विषयाला या तालुक्यात एवढा मान पहिल्यांदाच मिळतो आहे.

आता जर्नलची गोष्ट. ही जरा बैजवार सांगतो, कारण मंडळाचं जे काही बरंवाईट झालं ते तिथूनच सुरू झालं.

मानसशास्त्राला प्रात्यक्षिक असतं. प्रयोगशाळेच्या कपाटात आरशात बघून चांदणी गिरवायचं साधन असतं, बोटाने वाट शोधायचा भुलभुलैया असतो आणि म्युलर-लायरचा भ्रम दाखवणारी एक सरकती पट्टी असते. म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये हा भ्रम मांडला. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. बाहेर फाकलेली रेषा लांब वाटते. पट्टी सरकवून दोन्ही रेषा सारख्या झाल्या असं वाटलं की थांबायचं आणि किती मिलिमीटर चुकलो ते लिहायचं. एक जण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, मग अदलाबदल.

प्रत्यक्षात काय होतं? कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. परीक्षा जवळ येते. मागच्या वर्षीच्या ताईचं जर्नल मिळतं, तिने ते तिच्या मागच्या वर्षीच्या दादाकडून घेतलेलं असतं. आकडे उतरतात. परीक्षकाला संशय येऊ नये म्हणून एखादा आकडा एकाने कमी, एकाने जास्त. असं करत करत कुणा पुण्यवंताच्या डोळ्यांना कधीकाळी जेवढा भ्रम झाला असेल, तेवढाच भ्रम दोन जिल्ह्यांतल्या पिढ्यांना होत राहिला आहे. शिक्षणातली सातत्याची एवढी मोठी परंपरा दुसरीकडे मिळणार नाही.

यात गंमत अशी की नेमक्या याच प्रयोगात आमच्यासारख्या मुलखाचे आकडे महत्त्वाचे होते. रिव्हर्स नावाचे इंग्रज संशोधक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत तोडा लोकांकडे हाच भ्रम घेऊन गेले. तोडा इंग्रजांपेक्षा कमी फसले. पुढे १९६६ मध्ये सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या समाजांची तुलना छापली. त्यात अमेरिकेतल्या इव्हान्स्टन शहरातली माणसं सगळ्यांत जास्त फसली आणि कलाहारीतले सान जवळजवळ फसलेच नाहीत. एक तर्क असा की ज्यांचं आयुष्य काटकोनातल्या भिंती, खिडक्या, टेबलं पाहण्यात जातं, त्यांच्या डोळ्यांना ही खोड लागते. तर्काला विरोध करणारेही आहेत. पण मानसशास्त्राच्या पुस्तकातलं 'माणसाचं मन' म्हणजे बऱ्याचदा पाश्चात्त्य विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं मन असतं, हे आता ते लोकही कबूल करतात. अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकांतल्या अभ्यासांत ९६ टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या जेमतेम १२ टक्के. २०१० साली या मुद्द्यावर मोठा निबंध गाजला.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एटापल्लीकडची एक मुलगी, जी एरवी हजेरी सोडून तोंड उघडत नसे, म्हणाली, "म्हणजे सर, आम्ही जर्नल उतरवलं तर आम्ही इव्हान्स्टनचेच झालो ना जी?"

वर्ग हसला. पुढच्या वर्षी ती मंडळाची अध्यक्ष झाली. कशी, ते मलाही कळलं नाही.

तिच्या कारकिर्दीत सगळंच उलटसुलट झालं. तिने पहिल्यांदा विचारलं की उद्घाटन का करायचं. मंडळ तर गेल्या वर्षीपासून सुरूच आहे. याला कुणाकडे उत्तर नव्हतं. मग दुसरा एक कार्यक्रम ठरवला तर तो पडला, कारण आदल्या रात्री जवळच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. दिवाळी संपली की वडशाच्या नाटक कंपन्यांची धावपळ सुरू होते, शंकरपट आणि मंडईच्या गावांत रात्रभर नाटक चालतं आणि सकाळी पहिल्या तासाला बाकांवर फक्त शरीरं असतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना झाडीपट्टी कळली. आमच्या हजेरीपटाला ती आधीपासून माहीत आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, कार्यक्रम नाटकावरच घेऊ. रात्री कोण कुठे रडलं आणि कशामुळे, एवढंच बोलायचं. त्या दिवशी एक दांडगा पोट्टा उठून म्हणाला की नाटकातला बाप मुलीची माफी मागतो तिथे आपण रडलो, आणि मग खाली बसून बराच वेळ वहीची कोपरं दुमडत राहिला. मोरेनोने नाटकातून मनोपचार करायची पद्धत काढली, हे मी दुसऱ्या दिवशी शिकवलं. आदल्या दिवशी शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग नागपूर. या भागातल्या मानसशास्त्राच्या पोरांची एक वारी ठरलेली असते, ती म्हणजे तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८६४ पासूनचं, राज्यातल्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक. घरी नाव सांगायची पंचाईत, कारण विदर्भात त्याला एकच नाव आहे आणि ते ऐकल्यावर आजी म्हणते, "आमची पोट्टी पागलखान्यात काहून जाऊन रायली?" पोरं प्रश्नावली घेऊन गेली. वार, तारीख, ठिकाण विचारायचं, म्हणजे स्थळकाळाचं भान कळतं. आरमोरीकडचे एक काका समोर आले. प्रश्न विचारायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली. कुठून आलात, कोणत्या गाडीने, तिकडे पाऊस कसा आहे, रोवणी आटोपली का, यंदा मजुरी काय चालू आहे. आमच्या एका विद्यार्थ्याला रोवणीची मजुरी माहीत नव्हती. काका त्याच्याकडे बघत राहिले. परतीच्या बसमध्ये पोरं बराच वेळ यावर बोलत होती की भानाच्या परीक्षेत कोण नापास झालं.

अशा गप्पांची एक वेगळीच सवय लागते. उद्घाटन, पाहुणे, शाल यांतलं काही न करता सायकल स्टँडच्या मागच्या मोहाखाली शनिवारी बसायचं, असं मंडळाने ठरवलं. 'ठरवलं' हा शब्द मी सहज लिहिला, पण त्यालाच तीन शनिवार गेले. त्याला कारण मेंढा-लेखा.

धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं गाव कुणाला सांगायला नको. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव येतं. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा आणि बोलत राहायचं. आणि निर्णयाच्या सभेशिवाय तिथे अभ्यास गट असतात. ते फक्त चर्चा करतात, माहिती काढतात, बाहेरच्या जाणत्याला बोलावतात, निर्णय घेत नाहीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ही पद्धत दूरवर माहीत झाली. आमच्या अध्यक्षबाईंची मामी तिकडच्या बाजूची. बाईंनी मंडळात जाहीर केलं की यापुढे मतदान नाही, सर्वसहमती.

पहिला विषय होता आलूबोंडा की समोसा. सर्वसहमती झाली नाही. दुसऱ्या शनिवारीही झाली नाही. तिसऱ्या शनिवारी एक मुलगी, जिला दोन्ही नको होतं आणि जी दोन आठवडे गप्प होती, म्हणाली की माझा शनिवारी उपास असतो. सगळे ओशाळले. बहुमताने काम केलं असतं तर आम्हाला तिचा उपास कळलाच नसता. त्यानंतर मोहाखाली खाणं बंद झालं आणि बोलणं सुरू झालं.

काय बोलतात, ते मी इथे लिहिणार नाही. बसतानाच तसं ठरलं आहे. ढोबळ सांगायला हरकत नाही. आश्रमशाळेतून आलेल्या पोरांना शहरातल्या खोलीवर मन लागत नाही. मोहफुलांच्या आणि तेंदूच्या दिवसांत आई पहाटे जंगलात जाते आणि इकडे पेपर सुरू असतात. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत वाघ ही पर्यटनाची गोष्ट नसून आई घरी येईपर्यंत पोटात राहणारा गोळा असतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. पण पोराच्या बोलण्यातून बाप कोणत्या जिल्ह्यातला, हे ओळखता येत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आम्ही फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. त्याखाली एकाने पेन्सिलीने लिहिलं, "टॉवर कोणत्या नंबरवर मागायचा?"

एकदा भानामतीचा विषय निघाला. जिवती तालुक्यात वणी खुर्दला २०२१ मध्ये संशयावरून वयस्क माणसांना बांधून मारलं, ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, तो मी सांगितला. पोरं शांत ऐकत होती. मग कळलं की बसलेल्यांपैकी काहींच्या घरी अशा शंका अजून आहेत आणि शंका असलेली माणसं वाईट नाहीत, घाबरलेली आहेत. त्या दिवशी माझ्या तयार भाषणाचा काही उपयोग झाला नाही. पोरांनीच एकमेकांना विचारत विचारत रात्र केली.

याच दोन जिल्ह्यांत शोधग्रामला २००६ पासून 'निर्माण'ची शिबिरं भरतात, सोमनाथला श्रमसंस्कार छावणी होते, राज्यभरातून शिकलेली मुलं आयुष्याचा अर्थ शोधायला इकडे येतात. मला त्याचं कौतुकच आहे. इथल्या पोरांना मात्र वाटतं की अर्थ पुण्याला असतो. शनिवारच्या मोहाखाली या समजुतीची जरा पंचाईत होते.

पुढे नॅकची समिती यायची झाली आणि कॉलेज खडबडून जागं झालं. प्रत्येक मंडळाने कार्यक्रमाचा अहवाल, उपस्थितीपत्रक आणि अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो द्यावेत, असं पत्र आलं. भूगोलवाले खुशीत. आमच्या पोरांनी सर्वसहमतीने ठरवलं की मोहाखालचा फोटो काढायचा नाही. मी म्हटलं, निदान झाडाचा काढा, बाकी कुणी नको. त्यावरही एकाचा विरोध होता, त्यामुळे विषय पुढे ढकलला. अहवालात आमच्या मंडळापुढे 'निरंक' लिहिलं गेलं, आणि खाली शेरा, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद वाढविणे आवश्यक.'

मग पोरांनी म्युलर-लायर बाहेर काढला. कपाटाची किल्ली मिळाली, कारण नॅकमुळे कुणालाच रजा नव्हती. ठरलं असं की प्रत्येकाने सुटीत पट्टी गावी न्यायची आणि खरे आकडे आणायचे, मग ते पुस्तकाशी जुळोत न जुळोत. कॉलेजने प्रवासखर्च द्यायचं तत्त्वतः मान्य केलं. 'तत्त्वतः' लिहिलं असलं की काय होतं, ते मला माहीत होतं, पण मी बोललो नाही.

अध्यक्षबाई पट्टी घेऊन आपल्या गावी माडिया आजीकडे गेल्या. अंगणात बसून सगळं समजावून सांगितलं. या दोन रेषा, ही सरकव, सारख्या झाल्या की सांग. आजीने पट्टी हातात घेतली, उलटी केली, मागे छापलेल्या मोजमापाच्या खुणा नखाने चाचपल्या आणि म्हणाली, "मोजायचं मागे लिहिलेलं आहे. मग मला कशाला विचारतेस?" नात म्हणाली, डोळ्यांनी सांगायचं. आजी म्हणाली, बांबू तोडताना मी डोळ्यांनी सांगते, तो घरी आणून लावायचा असतो. ही तू घेऊन जाणार आहेस. शेवटी नातीची हौस म्हणून तिने पट्टी सरकवली. किती चुकली, तो आकडा मंडळाच्या वहीत आहे. मी सांगणार नाही, कारण बाकीच्यांचे यायचे आहेत.

प्रवासखर्चाच्या बिलाला मात्र अडचण आली. लेखा विभागाने विचारलं की लाभार्थ्याची सही कुठे आहे. आजी लाभार्थी कशी, यावर थोडा वाद झाला, पण सही हवीच. नात पुन्हा गावी गेली. आजीला सही येत नाही, अंगठा चालेल असं कार्यालयाने सांगितलं होतं. आजीने अंगठा द्यायला नकार दिला. आधी कागदावर काय आहे ते वाचून दाखव, म्हणाली. प्रयुक्ताची समजून-उमजून संमती घ्यावी, हा मानसशास्त्राच्या संशोधनाचा नियम आम्ही तिसऱ्या प्रकरणात शिकवतो. तो तिला कुणी शिकवला नव्हता. नातीने बिलासोबतच्या अहवालाची दोन्ही पानं माडियात सांगत सांगत वाचली. शेजारच्या दोन बायाही ऐकायला येऊन बसल्या. पहिल्या पानावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या पानावर 'वय अंदाजे ७०' आणि 'व्यवसाय : काही नाही' असं होतं. वयाचं आजीने चालवून घेतलं. व्यवसायाची ओळ खोडायला लावली आणि तिथे काय लिहायचं ते सांगू लागली. शेती, मोह, तेंदू, बांबू, सुईणपण. शेजारणींनी आणखी दोन कामं जोडली. रकाना पुरला नाही म्हणून नातीने कडेच्या समासात लिहिलं आणि मग आजीने अंगठा दिला.

कार्यालयाने बिल परत पाठवलं आहे. खाडाखोड असलेला कागद चालत नाही म्हणतात.